तिसऱ्या स्मरणपत्रानंतर

"सर, हितं सही न्हाय." बाळासोनं अर्जावर बोट आपटलं. "पोरीची सहीच न्हाय, आन् तुमी म्हंतासा अर्ज तयार हाय."

"आणतो ना. तीनपर्यंत आणतो."

"कुठनं?"

"कबनूरहून."

बाळासोनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मग डॉ. विजयसिंह कोलेकरांकडे. साडेदहा वाजले होते. बाळासो कॉलेजच्या संशोधन विभागातला कारकून. एकवीस वर्षं पीएच.डी.चे कागद या टेबलावरून त्या टेबलावर सरकवून सरकवून त्याला आता कुठला अर्ज तरणार आणि कुठला बुडणार ते नुसत्या वासावरून कळायचं.

"आज शेवटची तारीख हाय, सर. पाचला विद्यापीठाची खिडकी बंद. मी साडेचारला हितनं निघणार. आन् येक इचारू? चार वर्सं जिनं तुमच्या मेलला उत्तर दिलं न्हाय, ती आज तुमास्नी दारात तरी हुबं करून घील व्हय?"

कोलेकरांनी अर्ज प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी बॅगेत घातली आणि जिना उतरून गाडीत बसले. साठी गाठलेला माणूस, महिनाअखेरीस निवृत्त होणार, रविवारी सत्कार ठरलेला, गौरव अंक छापून तयार. आणि तो निघाला होता एका जुन्या विद्यार्थिनीच्या सहीसाठी. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, हे त्यांचं त्यांनाही कळत होतं.

प्रकरण तसं साधं होतं. विद्यापीठानं एक परिपत्रक काढलं होतं. ज्यांची पीएच.डी.ची नोंदणी आजारपण, बाळंतपण, घरची अडचण अशा स्वतःच्या कारणानं रद्द झाली, त्यांना एकदाच विशेष संधी मिळणार होती. मार्गदर्शकाची शिफारस हवी आणि विद्यार्थ्याची सही हवी. कोलेकर सेवेत होते तोवरच त्यांच्या शिफारशीला किंमत होती. एक तारखेनंतर ते कितीही डॉक्टर असले तरी विद्यापीठाच्या लेखी कुणीच नव्हते. म्हणजे मनाली शिंगेला तिची पीएच.डी. परत मिळायची असेल, तर ती आजच मिळणार होती.

आणि ती गेली होती कोलेकरांमुळे.

नेसरीच्या शाळेत गणिताला पैकीच्या पैकी मार्क मिळवणारा हा पोरगा कोल्हापुरात येऊन बी.कॉम. झाला, एम.कॉम. झाला आणि मग तेहेतीस वर्षं त्यानं कोल्हापूरला हिशेबशास्त्र शिकवलं. गावातल्या कुठल्याही बँकेत ते शिरले की आतल्या टेबलावरून कुणीतरी उठून "सर, बसा की" म्हणायचंच. शिवाजी पेठेत घर झालं, पूर्णिमासारखी समजूतदार बायको मिळाली, चाळिशीत पीएच.डी. झाली. पण मास्तरकीनं पोट भरतं, नाव होत नाही. नाव व्हायला त्रेपन्नावं वर्ष उजाडावं लागलं.

नाव झालं ते पतमानांकनावरच्या एका निबंधामुळे. एखादा उद्योग घेतलेलं कर्ज फेडील की नाही, याचा अंदाज बांधून त्याला गुण देणाऱ्या संस्था असतात. त्या गुणांना पुस्तकात पतमानांकन म्हणतात, बाजारात नुसतं रेटिंग. मध्यंतरी सरकारी सवलत मिळाली म्हणून यंत्रमागवाल्यांसारख्या छोट्या लोकांनीही रेटिंग करून घेतलं. पुढं दरवर्षी संस्थेला माहिती पाठवावी लागते. नाही पाठवली तर स्मरणपत्रं येतात, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं. तिसऱ्या स्मरणपत्रालाही उत्तर गेलं नाही की गुण खाली येतात आणि नावापुढं शिक्का बसतो: 'असहकार्य'. कोलेकरांनी इचलकरंजी भागातले असे चौसष्ट उद्योग घेतले, नावं काढून त्यांना क्रमांक दिले आणि शिवाजी पेठेतल्या आपल्या माडीवर, संगणकासमोर बसून दाखवून दिलं की शिक्का बसलेल्यांपैकी तीन चतुर्थांश उद्योग दोन वर्षांत बुडाले. निष्कर्ष एका ओळीचा होता. ज्याला लपवायचं असतं, तो गप्प बसतो.

परदेशातल्या नियतकालिकानं निबंध छापला. 'उत्तर न देणारे उद्योग बुडतात: कोल्हापूरच्या प्राध्यापकाचं संशोधन' म्हणून पेपरात फोटोसकट बातमी आली. पुण्या-मुंबईची बोलावणी सुरू झाली, बँकांच्या प्रशिक्षणात त्यांचा तक्ता भिंतीवर दिसू लागला. वर्गात ती एक ओळ ते अशा थाटात म्हणायचे की पोरं वहीत लिहून खाली दोन रेघा मारायची. चौसष्टांपैकी एकाही मालकाचं तोंड मात्र त्यांनी बघितलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंट तेवढा उंच लागतो. कोलेकरांचा चांगला उंच होता.

त्यानंतर वर्षभरानं मनाली आली. कबनूरची, एम.कॉम.ला पहिल्या वर्गात, कमी बोलणारी. त्यांचाच विषय तिला पुढं न्यायचा होता. कोलेकर खूश झाले. हाच विषय का, असं त्यांनी तिला एकदाही विचारलं नाही. आपला विषय कुणाला आवडला तर त्याचं कारण विचारायचं असतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. तिनं मात्र दोन वर्षं कबनूर आणि इचलकरंजीच्या गल्ल्या पायी पालथ्या घातल्या, चौसष्टांपैकी एकोणसाठ जणांना गाठलं आणि प्रबंधाचं चौथं प्रकरण लिहून सरांच्या टेबलावर ठेवलं.

कोलेकरांनी त्यातली सहा पानं वाचली. सहाव्या पानावर तक्ता होता आणि तो तक्ता त्यांच्या तक्त्याला उलटा करून दाखवत होता. मास्तरांचं डोकं फिरलं. ते काहीतरी बोलले, प्रकरण बाजूला सारलं, नव्यानं लिहायला सांगितलं. त्यानंतर मनाली आली नाही. त्यांनी तिला एक ईमेल पाठवला. पंधरा दिवसांनी दुसरा. आणखी पंधरा दिवसांनी तिसरा. मग विद्यापीठाला जाणाऱ्या सहामाही अहवालात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'विद्यार्थिनी सहकार्य करीत नाही.' नोंदणी रद्द झाली. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांना हायसं वाटलं होतं. सुंठेवाचून खोकला गेला होता.

गेल्या आठवड्यात कॉलेजमधलं कपाट रिकामं करताना ते प्रकरण त्यांच्या हाती लागलं. रद्दीच्या गठ्ठ्यावर टाकण्याआधी त्यांनी सहज सातवं पान उघडलं. मग आठवं. बाळासो जेवायला बोलावून गेला, ते उठले नाहीत. पोरीनं एकेका उद्योगाचं साल, महिना, तारीख मांडली होती. बुडणारे गप्प बसत नव्हते. गप्प राहिलेले बुडवले जात होते. आधी शिक्का बसायचा, तो बघून बँक हात आखडता घ्यायची, मग सुताला पैसे नसायचे आणि माग थांबायचे. आणि गप्प राहण्याची कारणं? कुणाचे ईमेल सोडून गेलेल्या दिवाणजीच्या पत्त्यावर जात होते. कुणाला इंग्रजी पत्र म्हणजे जाहिरात वाटली होती. एक मालक वारला होता आणि बायकोला रेटिंग नावाची चीज आहे हेच ठाऊक नव्हतं. क्रमांक एक्केचाळीसबद्दल लिहिलं होतं: 'चोवीस माग. मालकास अर्धांगवायूचा झटका, वाचा गेली. संस्थेचे फोन मालक स्वतः उचलत असे. बोलता येत नसल्याने पलीकडून फोन ठेवला जाई. संस्थेची नोंद: वारंवार संपर्क करूनही प्रतिसाद नाही.'

ते वाचून कोलेकरांना आपलीच लाज वाटली. तेहेतीस वर्षं ज्या खुर्चीवर बसून त्यांनी दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दाखवल्या, त्या खुर्चीत त्यांना बसवेना.

संध्याकाळी त्यांनी पूर्णिमाला सगळं सांगितलं. खाली गल्लीत पोरं फुटबॉल घेऊन तालमीकडे चालली होती, त्यांच्या गलक्यात तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग आता काय करणार हाईसा?" तिनं विचारलं.

"विशेष संधीचा अर्ज आहे. तो भरून देतो. तिची पदवी तिला मिळाली की भरून निघेल."

"जावा आन् चुकलं म्हणा. अर्जाचं मागनं बघता येतंय."

"अर्ज महत्त्वाचा आहे, पूर्णिमा. तारीख आहे त्याला."

"तुमचं सगळं कागदानंच भरून निघतंय," ती म्हणाली आणि आत गेली.

फोन लागेना म्हणून वाट बघण्यात चार दिवस गेले. शेवटी जुन्या नोंदवहीतला पत्ता काढला तो आज सकाळी. रुई ओलांडून कबनूर आलं आणि मागांची खडखड काचा बंद असतानाही गाडीत शिरली. पत्ता विचारत विचारत ते एका गल्लीत आले. पत्र्याची लांबलचक शेड, तिला लागून दोन खोल्यांचं घर आणि दारावर हातानं रंगवलेली पाटी: 'बँक, जीएसटी, रेटिंग. आलेली पत्रे वाचून उत्तर लिहून मिळेल.'

दार पासष्टीच्या बाईनं उघडलं.

"कोण पावणं?"

"मी कोलेकर. कोल्हापूरहून आलोय. मनालीचा सर."

बाईनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "व्हय. मी तिची आई, तानूबाई. या, बसा. ती बँकेत गेलीया, दोन-तीनला येईल." शब्द अगत्याचे होते, पण आवाजात अगत्य नव्हतं.

आत खिडकीशी एक म्हातारा गृहस्थ खुर्चीत बसला होता. इस्त्रीचा सदरा, दाढी नीट केलेली, उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा. डाव्या हातानं तो टोपलीतल्या सुताच्या कांड्या निवडत होता. भरलेल्या एकीकडे, रिकाम्या एकीकडे. कोलेकरांनी नमस्कार केला. गृहस्थानं मान हलवली.

"हे आबा, आमचं मालक," तानूबाई म्हणाल्या, "मनालीचं वडील. त्येंला बोलाय येत न्हाय. धा वर्सं झाली. आयकाय येतं सगळं."

कोलेकर खुर्चीच्या कडेवरच बसले. बाजूच्या शेडमधून मागांचा आवाज येत होता.

"शेड तुमचीच का?" त्यांनी विचारलं.

"शेड आमचीच, भाड्यानं दिलीया. माग दुसऱ्याचं. आमचं चोवीस माग हुतं, समदं गेलं."

चोवीस माग. कोलेकरांनी खुर्चीतल्या माणसाकडे बघितलं आणि त्यांना कळलं. सात वर्षांपूर्वी माडीवर बसून ज्याला त्यांनी एक क्रमांक दिला होता आणि गप्प बसण्याबद्दल लबाड ठरवलं होतं, तो एक्केचाळीस नंबर त्यांच्यासमोर कांड्या निवडत होता. त्यांना उठून जावंसं वाटलं. पण ते बसून राहिले.

मनाली आली ती तीन वाजता, हातात फायलींचा गठ्ठा घेऊन. दारातच थबकली.

"सर."

"मनाली." ते उभे राहिले. "तुझं प्रकरण चार वाचलं मी."

"कवा?"

"गेल्या आठवड्यात."

"सगळं?"

"सगळं."

तिनं फायली टेबलावर ठेवल्या, एकेक नीट रचली. राग, आनंद, काहीच दिसलं नाही. "चार वर्सं झाली देऊन," ती म्हणाली.

"एक्केचाळीस नंबर..."

"आमचं आबा."

"तू सांगितलं का नाहीस मला?"

"काय सांगू? बँकेच्या सायबानं तुमची पेपरातली बातमी आमच्या आईला दावली हुती, सर. 'बघा, प्रोफेसरबी हेच म्हंतात, जो बोलत न्हाय तो लपवतो.' म्हणून तर मी तुमच्याकडंच आले. म्हटलं, ज्यांनी लिवलंय त्यास्नीच नीट दाखवू, मग ते दुरुस्त करतील. पण हे आमचं घर हाय म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, घरचं प्रकरण हाय, संशोधन न्हाय. आन् न सांगताच म्हणालासा की."

"मी? काय म्हणालो?"

"आठवत न्हाय तुमास्नी?"

कोलेकरांनी आठवून बघितलं. त्यांना राग आला होता एवढं आठवत होतं. शब्द आठवत नव्हते.

"'घरच्या रडगाण्यावर पीएच.डी. मिळत नाही.' असं म्हणालासा, सगळ्या विभागासमोर. शेजारच्या टेबलावर दोघं सर भडंग खात हुते, तेबी हसले. मी खाली येऊन स्टँडवर तासभर बसले. तुमचे तिन्ही ईमेल वाचले मी, सर. पण त्यांत 'प्रकरण कवा देणार' एवढंच हुतं. उत्तर काय लिवायचं तेच कळंना."

तानूबाई आत चहाचं आधण ठेवायला गेल्या. कोलेकरांना वाटलं, माणसाला मारायला हत्यार लागत नाही. आणि मारलेलं मारणाऱ्याच्या लक्षातही राहत नाही. त्यांनी घाईघाईनं बॅग उघडली. बोलण्यापेक्षा कागद बरा होता.

"हे बघ. विशेष संधी आहे. शिफारस मी केलीय, तुझी फक्त सही हवी. पाचच्या आत पोचलं की नोंदणी परत सुरू. तुझं प्रकरण चार जसंच्या तसं राहील. वर्षभरात तू डॉक्टर होशील."

मनालीनं अर्ज घेतला. कागद वाचायची तिची आता एक पद्धत झाली होती. सत्तर मागवाल्यांची पत्रं ती वाचायची, उत्तरं लिहायची. आधी शेवटची ओळ बघायची, मग खालून वर यायची. सातव्या रकान्याशी ती थांबली. 'नोंदणी रद्द होण्याचे कारण' या छापील ओळीपुढं कोलेकरांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'विद्यार्थिनीच्या कौटुंबिक अडचणी.'

"ह्ये खोटं हाय," ती म्हणाली.

"मनाली, नियमच तसा आहे. विद्यार्थ्याचं कारण असेल तरच संधी मिळते. मार्गदर्शकाची चूक असेल तर तो रकानाच नाही. खरं लिहिलं तर अर्ज तिथंच बाद होतो. हे लिहिलं तर पार होतो. नुसती एक ओळ आहे गं. कोण बघतंय?"

मनाली अर्ज हातात घेऊन उभी राहिली. तानूबाई चहाचे कप घेऊन आल्या होत्या, त्यांनी ऐकलं होतं.

"घाल की सही," त्या म्हणाल्या. "सरांनी घरच्या अडचणी म्हटलं तर काय बिघडलं? अडचणी न्हवत्या व्हय आपल्याला? लोक डॉक्टर म्हंतील तुला. आबाच्या जिवाला बरं वाटंल."

मनालीनं पेन उचललं. कोलेकरांचा जीव भांड्यात पडला. पेन कागदाजवळ गेलं आणि तसंच राहिलं. तिला ती पदवी हवी होती. हे तिच्या तोंडावर इतकं उघड दिसत होतं की कोलेकरांना तिकडे बघवेना. दोन वर्षं उन्हातान्हात गल्ल्या तुडवल्या होत्या तिनं. दारावरच्या पाटीवर 'डॉ. मनाली शिंगे' लिहायची जागासुद्धा तिनं मनात कधीतरी सोडली असेल.

मग तिनं पेन खाली ठेवलं.

"न्हाय, सर. आमच्या घरच्या अडचणीनं कायबी झालं न्हवतं. आईला अडचण हुती, आबाला हुती, मी त्यातनंच प्रकरण पुरं करून तुमच्या टेबलावर ठेवलं हुतं. आबाच्या नावापुढं शिक्का बसला तवा ह्या घरात कुणी इचाराय आलं न्हवतं. आता माझ्याच हातानं माझ्या नावापुढं तसलाच शिक्का मारून घिऊ?"

"मग पदवी जाईल, मनाली. परत अशी संधी नाही. मी एक तारखेनंतर काहीच करू शकणार नाही."

"म्हाईत हाय."

"मग काय लिहू मी?"

"जे झालं ते."

कोलेकरांनी सातव्या रकान्यातली ओळ खोडली. आयुष्यात हजारो पानं लिहिलेला माणूस, पण पुढचा शब्द त्यांना सुचेना. थोड्या वेळानं त्यांनी लिहिलं: 'मार्गदर्शक व विद्यार्थिनी यांच्यातील मतभेद.' आणि कागद तिच्याकडे सरकवला.

"मतभेद व्हायला तुम्ही वाचाय पायजे हुतं," मनाली म्हणाली.

हे मात्र वर्मी लागलं. कोलेकरांनी तीही ओळ खोडली. सत्कार, गौरव अंक, परदेशी नियतकालिक, बँकांच्या भिंतीवरचा तक्ता, सगळं क्षणभर डोळ्यांसमोर आलं. हे लिहिलं की त्यातलं काय उरणार होतं? आणि मग त्यांच्या मनात आलं की हे सगळं उरवण्यासाठीच तर आपण ही खोटी ओळ आणली होती. तिच्या पदवीसाठी आणली असं आठवडाभर आपण स्वतःला समजावत होतो. पूर्णिमानं ते एका वाक्यात ओळखलं होतं.

त्यांनी लिहिलं. रकान्यात जागा पुरली नाही म्हणून समासात लिहिलं. 'प्रकरण चार मी पूर्ण न वाचता नाकारले व विद्यार्थिनीचा सर्वांसमोर अपमान केला. तिचा निष्कर्ष बरोबर आहे. माझा निष्कर्ष चुकीचा आहे. उद्योग क्रमांक एक्केचाळीसने काहीही लपवले नव्हते.' खाली सही केली, तारीख घातली.

मनालीनं खालून वर वाचलं. मग वरून खाली एकदा. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत.

"परदेशातल्या लोकांनाही कळवतो," कोलेकर म्हणाले. "उद्याच."

"कळवा. हे माझ्याकडं ठेवू?"

"ठेव. तिकडे कुणी घेणार नाही आता हा."

फोन वाजला. बाळासो होता. "सर, सव्वाचार झाल्यात. निघालासा का न्हाय?"

"तू जा, बाळासो. माझी वाट बघू नकोस."

"बघा! म्या म्हटलं हुतं. सही दिली न्हाय न्हवं पोरीनं?"

"नाही दिली," कोलेकर म्हणाले. "बरोबर केलं तिनं." आणि फोन ठेवला.

मनाली कागद घेऊन आबांच्या खुर्चीजवळ खाली बसली. कुठल्याही मागवाल्याला बँकेचं पत्र वाचून दाखवावं तशी तिनं ती चार वाक्यं सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचली. मग कागद खाली ठेवून म्हणाली, "आबा, हेनी आपल्याला लबाड म्हटलं हुतं. आता लिवून दिलंय, तुम्ही काय लपवलं न्हवतं म्हणून."

आबांचा डावा हात थांबला. हातातली कांडी हातातच राहिली. त्यांनी मान वळवून कोलेकरांकडे बघितलं.

कोलेकर उठून त्यांच्यासमोर गेले आणि त्यांनी हात जोडले. "माझं चुकलं," ते म्हणाले. एवढंच म्हणायला ते कबनूरला आले असते तर सकाळीच म्हणून झालं असतं.

आबा बघत राहिले. त्यांचे ओठ हलले, पण हलल्यासारखेच. माफी आहे की नाही, राग आहे की थकवा, कोलेकरांना काही म्हणजे काही कळेना. सात वर्षं गप्प माणसांचा अर्थ लावून देणारा हा विद्वान त्या एका माणसासमोर अडाणी होऊन उभा होता.

"सर, त्येंला येळ लागतोय," तानूबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला होता. "तुमी बसा की. हुबं कशापायी?"

कोलेकरांनी स्टूल ओढून घेतलं आणि आबांसमोर बसले. पाच वाजले, साडेपाच वाजले. मनाली दिवा लावून एका मागवाल्याच्या पत्राचं उत्तर लिहायला बसली होती. कपातला चहा कधीच गार झाला होता. शेडमधल्या पाळीची माणसं बदलली, खडखड थोडी थांबली आणि पुन्हा सुरू झाली. कोलेकरांनी घड्याळाकडे बघितलं नाही. ते आबांच्या तोंडाकडे बघत बसून राहिले.